आधी बूथ मोजा, मग उमेदवारी

पत्र थोडक्यात असं आहे : 'मी इचलकरंजीत यंत्रमाग कामगार आहे. वय ४१, शिक्षण नववी. बारा तासांची पाळी, मजुरी पिकावर, म्हणजे कापडात भरलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. बायको कांडी (सुताची बॉबिन) भरायच्या कामाला जाते. युनियनमधली माणसं म्हणतात, पुढच्या विधानसभेला तूच उभा राहा. बँकेत साठ हजार आहेत. मोर्च्याच्या दोन केसेस अंगावर आहेत. धाकटा भाऊ महापालिकेत नोकरीला आहे. मालकाला कळलं तर काम जाईल अशी भीती वाटते. लोक म्हणतात, आमदारकी हा कोटीचा खेळ आहे. उभं राहावं का? आणि राहायचं तर सुरुवात कुठून करू?'

बंधू, कायद्याच्या बाजूने तुम्हाला काहीही अडत नाही. वय २५ पूर्ण हवं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. शिक्षणाची अट नाही. सरकारी लाभाचं पद असेल तर अपात्र ठरतात, पण तुमची मजुरी खासगी कारखान्यातली आहे, तेव्हा राजीनामा द्यायचं काही कारण नाही. केस चालू असल्यानेही कोणी अपात्र होत नाही. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर उमेदवारी अडते, काही ठरावीक गुन्ह्यांत त्याहून कमी शिक्षेलाही. मोर्च्याच्या केसेसचा त्रास वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

उभं राहावं का, याचं उत्तर मात्र पैशात नाही, बूथवर आहे. तुमच्या मतदारसंघात सुमारे तीन लाख मतदार आहेत. एका केंद्रावर १,२०० पेक्षा जास्त मतदार ठेवायचे नाहीत असं निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये ठरवलं, म्हणजे केंद्रं कमीत कमी अडीचशे. आता वही घ्या आणि प्रत्येक केंद्रासमोर दोन नावं लिहा. पहाटे साडेपाचला हजर होणारी, मशीन सील होईपर्यंत न हलणारी आणि पैसे न मागणारी. 'आपलीच माणसं आहेत तिथं' असं लिहून चालणार नाही, नाव आणि फोन नंबर हवा. शंभर केंद्रांवर अशी नावं भरली तर उभं राहण्याचा विचार करा. तीस-चाळीसवर वही थांबली तर या वेळी थांबा आणि वही भरायला लागा. मुदतीआधी विधानसभा विसर्जित झाली नाही तर निवडणूक २०२९ च्या अखेरीस आहे. तेवढा वेळ पुरतो.

इतकं ताणून धरायचं कारण आकड्यांत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते. त्यांतले २,०८६ अपक्ष होते आणि निवडून आले फक्त दोन. त्याच निवडणुकीत डहाणूत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले दुसऱ्यांदा जिंकले. ते पूर्वी वडापाव विकायचे, आणि २०१९ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा सभागृहात सर्वांत कमी मालमत्ता त्यांनीच जाहीर केली होती. दोन्ही वेळा त्यांच्या विजयाचा फरक पाच हजारांच्या आसपास राहिला. तेवढी मतं पोस्टरवर येत नाहीत. डहाणू-तलासरीत पाड्यापाड्यावर किसान सभेचं काम १९४५ च्या वारली उठावापासून आहे, ती मतं त्या कामाची. सोलापुरात त्याच पक्षाचे नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा निवडून आले. त्यांच्यामागे विडी आणि यंत्रमाग कामगारांची संघटना वर्षानुवर्षं उभी होती. उमेदवार गरीब असून चालतो, पण त्याच्यामागे संघटना नसेल तर निभाव लागत नाही.

डिपॉझिटचा हिशोबही याच वहीत करा. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली तरच अनामत रक्कम परत मिळते. तीन लाखांपैकी ७० टक्के मतदान धरलं तर २ लाख १० हजार मतं, त्याचा सहावा भाग ३५ हजार. ही सगळी मतं फक्त शंभर केंद्रांतून आणायची म्हटलं तर प्रत्येक केंद्रावर साडेतीनशे हवीत, आणि १,२०० मतदारांच्या केंद्रावर पडतातच जेमतेम साडेआठशे. म्हणजे तुमच्या चांगल्या केंद्रांवर शंभरातली चाळीसहून जास्त मतं तुमची हवीत. अडीचशे केंद्रांवर काम असेल तर मात्र केंद्रामागे १४० पुरतात. यादी घेऊन हे प्रत्येक गल्लीत तपासता येतं.

यादीची गोष्ट तुमच्या गावात फार महत्त्वाची आहे. मागावर काम करणाऱ्यांत कर्नाटकातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली माणसं बरीच. मोर्च्यात ती पुढे असतात, घोषणा देतात, पण नाव गावाकडच्या यादीत. मतदानादिवशी त्यांचा उपयोग शून्य. जे इथेच कायम राहतात त्यांना विचारून नाव इथे आणा. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलून नाव हलवायचं तर फॉर्म ८. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चारही महिन्यांच्या १ तारखेला १८ पूर्ण होणाऱ्या मुलामुलींची नावं घालता येतात. हे काम निवडणुकीच्या तोंडावर करू नका. ऐनवेळी आलेले गठ्ठे तपासणीत अडकतात.

वही गल्लीनिहाय ठेवा, मतदारसंघाच्या हद्दीवर विसंबू नका. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना व्हायची आहे आणि महिलांचं एक तृतीयांश आरक्षण तिच्याशीच जोडलेलं आहे. ती केव्हा लागू होईल यावर २०२९ चं चित्र अवलंबून राहील. जागा महिलांसाठी गेली तर वहीतल्या कामाचा वारसा कोण घेणार, हे आत्ताच ठरवून ठेवा. कांडीवाल्या बायकांत बोलणारी, हिशोब लिहिणारी, पोलीस ठाण्यात न घाबरणारी कोण आहे? तुमच्याच घरात आहे का? तिला सभेत बसवून ठेवू नका, बोलू द्या.

आता कागद. कामगार उमेदवाराचं पैशाअभावी जेवढं नुकसान होत नाही तेवढं कागदाने होतं, म्हणून हे सावकाश वाचा.

२०२४ ची वेळ पाहा : २२ ऑक्टोबरला अधिसूचना, २९ ला अर्जाचा शेवटचा दिवस, ३० ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघार, २० ला मतदान, २३ ला निकाल. अर्ज भरायचे आठ दिवस, त्यांतून सुट्ट्या वजा, आणि रोज फक्त सकाळी ११ ते दुपारी ३. शेवटच्या दिवशी मिरवणुकीने जाऊन अर्ज भरायचा मोह सगळ्यांना होतो. तुम्ही पहिल्या-दुसऱ्या दिवशी शांतपणे जा. चूक निघाली तर दुरुस्त अर्ज भरायला दिवस हातात राहतात. एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात, अनामत एकदाच. सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. चेक चालत नाही. रोख भरा किंवा कोषागाराचं चलन आणा.

अर्ज नमुना २ब मध्ये. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला किंवा अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला दहा. दहाही जण याच मतदारसंघाच्या यादीतले हवेत. अर्ज बाद होण्याची एक मोठी जागा हीच. युनियनचा जुना माणूस सही करतो आणि छाननीत कळतं की त्याचं नाव शिरोळ किंवा हातकणंगल्याच्या यादीत आहे. दहातला एक गेला की अर्ज गेला. म्हणून वेगवेगळ्या दहा सूचकांचे दोन अर्ज भरा आणि प्रत्येकाचा भाग क्रमांक, अनुक्रमांक छापील यादीत बोट ठेवून तपासा. अंगठा लावणारा सूचक असेल तर त्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. घरी घेतलेला अंगठा चालत नाही.

एखादा पक्ष तिकीट देतो म्हणाला तरी दहा सूचकांचा एक अपक्ष अर्ज भरून ठेवा. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत, शाईच्या सहीचा लागतो. झेरॉक्स किंवा सहीचा शिक्का चालत नाही. फॉर्म आला नाही आणि सूचक एकच असेल तर तुम्ही अपक्ष म्हणूनही उरत नाही.

नमुना २६ चं शपथपत्र नोटरीसमोर करायचं. त्यात स्वतःचं, बायकोचं, अवलंबून असलेल्यांचं सगळं येतं : पॅन, बँकेतली शिल्लक, दागिने, विमा, गाडी, घर, कर्ज. सोसायटीचं कर्ज, बचत गटाचं बायकोच्या नावावरचं कर्ज, गहाण सोनं, सगळं लिहा. एकही रकाना कोरा ठेवू नका. नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा, रेघ मारू नका. कोऱ्या रकान्यांचं शपथपत्र सूचना देऊनही पूर्ण केलं नाही तर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे. शेवटची एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे शपथ. अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या तारखेआधी राज्यघटनेवरील निष्ठेची शपथ अधिकाऱ्यासमोर स्वतः घ्यावी लागते. अर्ज देताच तिथेच घ्या आणि तिचं प्रमाणपत्र मागून घ्या.

तुमच्या दोन केसेस. पोलीस ठाण्यातून आणि कोर्टातून गुन्हा नंबर, केस नंबर, कलमं लेखी मिळवा. जमावबंदीची केस 'किरकोळ' म्हणून वगळू नका. मोर्च्याच्या एफआयआरमध्ये आपलं नाव आहे हे काही जणांना अर्ज भरल्यावर कळतं, म्हणून आणखी कुठे नाव घातलं आहे का तेही पाहा. प्रलंबित केस असेल तर तिची माहिती नमुना सी-१ मध्ये वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करावी लागते. माघारीच्या दिवसापासून पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसात दुसऱ्यांदा, नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत तिसऱ्यांदा. हा खर्च तुमच्याच खात्यातून जातो, तेव्हा पैशाचा अंदाज काढताना आधी जाहिरातीचे दर विचारा. आणि लोकांपासून लपवण्यासारखं यात काही नाही. पत्रकात सरळ लिहा : मजुरीवाढीच्या मोर्च्यात केस झाली, तारीख अमुक.

आता कोटीच्या खेळाबद्दल. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे. ती वरची रेघ आहे, तेवढा खर्च करावाच लागतो असं नाही. तुमचे साठ हजार दोनच गोष्टींसाठी ठेवा, अनामत आणि बुडालेली मजुरी. अधिसूचनेपासून निकालापर्यंत महिन्याहून जास्त काळ तुम्ही मागावर नसाल आणि खाडे पडतील. ते पैसे बाजूला काढून बायकोच्या हातात द्या, प्रचारात घालू नका. सावकाराकडून, मालकाकडून उचल किंवा घर गहाण, हे तिन्ही नको. त्या पैशावर निवडून आलात तरी पहिली दोन वर्षं फेडण्यात जातील, आणि फेड कोणाच्या कामातून होईल हे तुम्हालाही माहीत आहे.

प्रचार वर्गणीवर चालवा. तीन हजार कामगारांनी शंभर रुपये दिले तर तीन लाख होतात. एक भोंग्याची रिक्षा, घरटी एक पत्रक, मतदानादिवशी बूथवरच्या माणसांचं जेवण, एवढं त्यात बसवता येतं. पावती पुस्तक ठेवा. एका माणसाकडून दहा हजारांपेक्षा जास्त रोख घेऊ नका आणि एका दुकानदाराला सगळ्या निवडणुकीत मिळून दहा हजारांपेक्षा जास्त रोख देऊ नका, त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन. युनियनचा सर्वसाधारण निधी याला लावता येत नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यापासूनचा नियम आहे : राजकीय कामाचा निधी वेगळा, वर्गणी ऐच्छिक, आणि न देणाऱ्या सभासदाचा कुठलाही हक्क कमी होता कामा नये. हे मोडलं तर विरोधकांआधी तुमचेच सभासद तक्रार करतील, आणि ती योग्य असेल.

निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त चालतं, बायकोसोबत नाही. प्रत्येक रुपया त्यातूनच जायला हवा. खर्चाची वही अधिकारी देतात : पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोकडीची, पिवळी बँकेची. प्रचारकाळात ती तीनदा तपासायला न्यावी लागते. फुकट मिळालेलंही मोजलं जातं. मित्राने जीप दिली, मंडपवाल्याने खुर्च्या दिल्या, तरी जिल्हा निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाप्रमाणे ती रक्कम तुमच्या खर्चात धरतात. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छापखाना घाईत हे विसरतो. प्रूफ स्वतः पाहा.

वहीसाठी माणूस निवडताना भाषण करणारा नको. रेशन दुकानात किंवा पतसंस्थेत हिशोब लिहिलेला, रोज रात्री दहाला बसून चहाच्या पावतीपर्यंत लिहिणारा हवा.

कामाबद्दल : निवडणूक लढवणाऱ्या कामगाराला भरपगारी रजा मिळण्याचा हक्क नाही. भरपगारी सुट्टी मतदानाच्या दिवसाची, तीही मतदार म्हणून. त्यामुळे बिनपगारी रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मालक पोच देत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. न सांगता खाडे पडले तर 'काम सोडून गेला' म्हणायला वाव मिळतो. हजेरी, पीएफचा नंबर, मजुरीच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती आतापासून जमवा, कारण काम गेल्यावर त्या मिळत नाहीत. भावाला प्रचारातून पूर्ण बाहेर ठेवा. सरकारी नोकराने निवडणूक, मतदान किंवा मोजणी प्रतिनिधी होणं हा गुन्हाच आहे. महापालिकेच्या नोकरीत सेवानियम आहेत, शिवाय निवडणुकीची ड्युटीही लागते. सभेतला एक फोटो त्याची नोकरी अडचणीत आणायला पुरेल.

छाननीत अर्ज टिकला की माघारीसाठी दबाव सुरू होतो. पैशाचा शब्द येईल, मालकांकरवी निरोप येईल, नातेवाईक येऊन बसतील. माघारीसाठी पैसे घेणं हा भ्रष्टाचार आहे आणि एकदा घेतलेली माघार परत घेता येत नाही. तुम्ही लेखी अधिकार दिला असेल तर सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधीही माघारीचा कागद देऊ शकतो. तेव्हा कोऱ्या कागदावर कोणालाही सही देऊ नका, जवळच्यालाही नाही. त्या दिवसांत एकटे राहू नका. सारख्या नावाचा दुसरा उमेदवार उभा करण्याचा प्रकारही होतो. यंत्रावर फोटो असतो, म्हणून अर्जासोबत दिलेला फोटोच पत्रकावर छापा. टोपी आणि गॉगल नको, फोटो तीन महिन्यांच्या आतला हवा. चिन्हासाठी तीन पसंती द्यायच्या असतात. अक्षर न वाचणाऱ्या आजीला एका नजरेत ओळखू येईल असंच चिन्ह मागा.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक बूथवर एक प्रतिनिधी आणि दोन बदली असतात, आत एका वेळी एकच. नमुना १० च्या, म्हणजे प्रतिनिधीच्या नेमणूकपत्राच्या, अडीचशे जोड्या आदल्या दिवशी सही करून वाटलेल्या हव्यात. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी अभिरूप (चाचणीचं) मतदान होतं, किमान ५० मतांचं. त्यानंतर ती मतं यंत्रातून पुसली गेली का आणि चिठ्ठ्या व्हीव्हीपॅटच्या पेटीतून काढल्या का, हे प्रतिनिधीने डोळ्यांनी पाहायचं. दिवसभर मन लावून बसलेली माणसं संध्याकाळी चारनंतर उठून जातात आणि तिथेच घात होतो. शेवटी केंद्राध्यक्षाकडून १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. त्यावर त्या केंद्रावरचं एकूण मतदान आणि कंट्रोल युनिटचा नंबर असतो. मोजणीच्या टेबलावर तुमचा माणूस यंत्राचा नंबर आणि मतांची बेरीज त्याच कागदाशी ताडून पाहील. बूथच्या वहीत दोन नावं कशासाठी लिहायला सांगितली, ते इथे कळेल.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे कोल्हापूरला द्यायचा, सोबत केसच्या जाहिरातींचा अहवाल सी-४ मध्ये. हरलेले उमेदवार दमलेले असतात, कामावर परतलेले असतात, पावत्या कुठेतरी पडलेल्या असतात. हिशोब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि विधानसभेला अपात्र झालेला माणूस महापालिकेलाही उभा राहू शकत नाही. डिपॉझिट गेलं तरी हिशोब द्या, पोच घ्या आणि ती बूथच्या वहीत लावून ठेवा.

या रविवारी स्वतःच्या बूथची यादी डाउनलोड करून छापून घ्या आणि तुमच्या गल्लीपासून एकेका नावापुढे लिहायला लागा : इथे राहतो का, कुठल्या पाळीला असतो, कोणी विचारलं तर ऐकेल.